चंद्रोदय किती वाजता?

खोताच्या वाडीत एखाद्या घराचा पत्ता विचारून बघा. घराचा नंबर क्वचितच कुणी सांगेल. ‘क्रुसावरून सरळ जा, बाहेरून लाकडी जिना असलेलं घर’ असं काहीतरी उत्तर मिळेल. नंबर महापालिकेच्या सोयीचा, जिना चालणाऱ्याच्या. माहिती कुणाच्या सोयीनं लावायची, हा वेबसाइट बनवणाऱ्यांपुढचा मोठा प्रश्न. पण तो वेबसाइटपेक्षा बराच जुना आहे, आणि त्याचं एक चांगलं उत्तर गिरगावातल्या घराघरांत खिळ्याला टांगलेलं दिसतं.

एकोणिसाव्या शतकात गणपत कृष्णाजींनी मुंबईत मराठी पंचांग छापलं. त्याआधी पंचांग म्हणजे बहुधा ज्योतिषाच्या पोथीतली गोष्ट. आता ते विकत घेता येऊ लागलं. वाचता मात्र येईना. तिथी, वार, नक्षत्र, योग, करण ही पाच अंगं, घटी-पळांचे आकडे, शब्दांची नुसती आद्याक्षरं. संकष्टीला चंद्र किती वाजता उगवणार, एवढ्यासाठीही जाणकार गाठावा लागे.

१९७३ साली जयंतराव साळगावकरांनी ‘कालनिर्णय’ काढलं. ते स्वतः ज्योतिषाचे अभ्यासक, पण मांडणी त्यांनी घरातल्या माणसाच्या प्रश्नांवरून केली. एका पानावर एक महिना. तारीख ठळक, सुट्टी लाल, तिथी तारखेच्या चौकटीतच. संकष्टीचा चंद्रोदय थेट घड्याळाच्या वेळेत. पंचांग त्यांनी टाकून दिलं नाही, फक्त रोज लागणारं आधी दिसेल असं ठेवलं. लेख आणि पाककृती मागच्या बाजूला; ज्याला वाचायचं त्यानं पान उलटावं.

पुढे २००० साली स्टीव्ह क्रग या अमेरिकन लेखकाचं वेबसाइटच्या रचनेवरचं पुस्तक गाजलं. त्याचं नावच ‘डोन्ट मेक मी थिंक’. पाहणाऱ्याला ‘आता कुठे दाबू?’ असा विचार करायला लावू नका, हे त्याचं सांगणं. भारत सरकारनंही २००९ साली सरकारी वेबसाइटसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली.

तरीही गेल्या नोव्हेंबरात माझी आजी पेन्शनच्या एका वेबसाइटपुढे अडून बसली. तिला हयातीचा दाखला द्यायचा होता. समोर ‘विभाग’, ‘परिपत्रके’, ‘संकीर्ण’. आपलं काम कुठल्या विभागात येतं हे तिला ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. शेवटी कोपऱ्यावरच्या दुकानात तिनं पैसे मोजले, आधार क्रमांक सांगितला, मोबाइलवर आलेला ओटीपीसुद्धा अनोळखी मुलाला वाचून दाखवला.

वेबसाइट चुकीची बनली की नुसता वेळ जात नाही. मधला माणूस परत येतो, आणि या वेळी घराची किल्ली त्याच्या हाती जाते.

घरी येऊन आजीनं चष्मा लावला, भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाली, “आज नऊ वाजून गेल्यावर जेवायचं, संकष्टी आहे.” तिला कुणाला विचारावं लागलं नाही.