पुस्तकाविना आलेला खेळ

मराठी मुद्रणाचा इतिहास शिकवताना आपण व्याकरणे, पंचांगे, मिशनऱ्यांच्या पुस्तिका आणि क्रमिक पुस्तके ह्यांची नोंद न चुकता करतो. खेळ कसा खेळावा हे सांगणारे पुस्तक मात्र ह्या यादीत सहसा येत नाही. वास्तविक मुंबईच्या मुद्रणेतिहासात ते फार लवकर येते. अमेरिकन मिशनच्या छापखान्यातून मराठी पुस्तिका बाहेर पडू लागल्या १८१७ साली. त्याच्या तीन वर्षे आधी, १८१४ मध्ये, तिरुवेंगडाचार्य शास्त्री ह्यांचे बुद्धिबळावरील पुस्तक मुंबईतच छापले गेले होते. फर्दुनजी मर्झबान ह्यांचे गुजराती पंचांग निघाले तेही ह्याच वर्षी. शास्त्र्यांचा मूळ ग्रंथ संस्कृत, त्याचे नाव 'विलासमणिमंजरी', आणि छापलेली भाषा इंग्रजी. युरोपीय पद्धतीच्या खेळाशी तो जुळवून घेतला आहे, असे शीर्षकातच सांगितलेले आहे. म्हणजे दख्खनी पटावरचे ज्ञान संस्कृतातून थेट इंग्रजीत गेले, आणि मधली मराठी गाळली गेली.

ही घटना आम्हांस आठवली ती एका अगदी वेगळ्या संदर्भात. संगणकावरील डावपेचांच्या खेळांबरोबर एकेकाळी जाडजूड छापील मॅन्युअले येत असत. १९८० आणि १९९० च्या दशकांत हा लेखनप्रकार भरभराटीला आला आणि पुढच्या दशकात जवळजवळ नाहीसा झाला. ह्या लेखनाला साहित्यप्रकार म्हणावे की नाही, हा वाद बाजूला ठेवू. मात्र मुंबईच्या उपनगरांत, विशेषतः आमच्या कांदिवलीत, हे खेळ त्या पुस्तकांवाचून कसे पोहोचले, आणि पुस्तक गाळले गेल्याने नेमके काय गळले, हा प्रश्न वाङ्मयाच्या अभ्यासकाचाच आहे असे आम्हांस वाटते.

ह्या मॅन्युअलांचे कूळ आधी पाहिले पाहिजे. १८२४ मध्ये बर्लिनमध्ये राइसविट्झ ह्या प्रशियन अधिकाऱ्याने युद्धखेळाची नियमावली प्रसिद्ध केली. १९१३ मध्ये एच. जी. वेल्स ह्यांनी 'लिटल वॉर्स' लिहून तो प्रकार दिवाणखान्यात आणला. पुढे अमेरिकेत बाल्टिमोरच्या ॲव्हलॉन हिल ह्या कंपनीने पुठ्ठ्याच्या पटावरचे युद्धखेळ विकायला सुरुवात केली. ह्या खेळांच्या नियमावल्या कायद्याच्या पुस्तकांसारख्या असत: कलम, पोटकलम, अपवाद. त्यांना तसे असावेच लागे, कारण पटावर न्यायाधीश नसतो. दोन खेळाडूंमध्ये तंटा झाला तर निवाडा पुस्तकच करणार.

ब्रूस शेली हे ह्याच कंपनीतून मायक्रोप्रोज ह्या संगणक-खेळांच्या कंपनीत आले. सिड मायर ह्यांच्याबरोबर त्यांनी १९९० मध्ये 'रेलरोड टायकून' आणि १९९१ मध्ये 'सिव्हिलायझेशन' हा खेळ केला. 'सिव्हिलायझेशन'चे मॅन्युअल शेली ह्यांनीच लिहिले. येथे एक महत्त्वाचा बदल घडतो, त्याच्यापाशी थोडे थांबू. संगणकाच्या खेळात नियम पाळले जातात की नाही हे यंत्र पाहते. घोडा अडीच घरांऐवजी तीन घरे नेता येतच नाही. मग पुस्तकाचे काम काय उरले? कायदा सांगण्याचे काम संपल्यावर ते पुस्तक दुसरेच काहीतरी झाले. कोणत्या शोधामागून कोणता शोध लागतो, नगर कोठे वसवणे हिताचे, राज्यपद्धती बदलली की प्रजेचे काय होते, आणि खेळ रचणाऱ्याने हे असेच का ठरवले, हे ते सांगू लागले. आपल्या परंपरेच्या भाषेत बोलायचे तर सूत्र यंत्राच्या पोटात गेले आणि वाचकाच्या हाती भाष्य आले.

'सिमसिटी' (१९८९) ह्या खेळाच्या मॅन्युअलात हे सर्वांत ठळकपणे दिसते. नगर वसवण्याचा हा खेळ विल राइट ह्यांनी रचला. त्याच्या पुस्तकात बटनांची माहिती संपल्यावर शहरांच्या आणि नगररचनेच्या इतिहासावर एक स्वतंत्र निबंध आहे, आणि पुढे वाचण्यासाठी पुस्तकांची यादीही आहे. खेळण्याच्या खोक्यात संदर्भसूची देणारा हा प्रकाशक आम्हांस फार आवडतो.

ह्या पुस्तकांना आणखी एक काम होते, आणि ते पहारेकऱ्याचे होते. 'सिव्हिलायझेशन' खेळ रंगात आला असताना मध्येच एखाद्या शोधाचे चित्र दाखवी आणि त्यासाठी आधी कोणते शोध लागावे लागतात असे विचारी. उत्तर पुस्तकात. इतर कित्येक खेळ अमुक पानावरचा अमुक शब्द मागत. 'सिमसिटी'बरोबर गडद लाल कागदावर छापलेले कोष्टक येई. तो लाल रंग झेरॉक्स यंत्राला चकवण्यासाठी होता. खेळ विकत घेतला आहे ह्याचा पुरावा पावती नव्हे, तर पुस्तक जवळ असणे आणि ते उघडता येणे! ग्रंथाला किल्लीचे रूप इतक्या शब्दशः क्वचितच आले असेल.

ही किल्ली मुंबईत आली नाही. कुलूपच काढून टाकलेला खेळ आला. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्टेशनबाहेरच्या फुटपाथवर आणि ओळखीच्या संगणक जोडणाऱ्याकडे ज्या सीडी मिळत, त्या पातळ प्लॅस्टिकच्या पाकिटात असत आणि त्यांवर मार्कर पेनाने नाव लिहिलेले असे. मूळ खोके ज्यांच्या घरी पाहायला मिळे अशी घरे थोडी, आणि त्यांचे नातेवाईक बहुधा न्यू जर्सीत. 'एज ऑफ एम्पायर्स' (१९९७) आमच्या पिढीने असाच शिकून घेतला. त्या खेळातही शेली ह्यांचा हात होता, पण त्यांच्यासारखा मॅन्युअलकार आपल्यासाठी काही लिहितो ह्याची येथे कोणाला वार्ता नव्हती.

पुस्तक नसले म्हणून शिकणे थांबले नाही. ते मौखिक झाले. महावीर नगरच्या नि ठाकूर व्हिलेजच्या सायबर कॅफेंत, क्लासच्या जिन्यात, गुजराती, मराठी आणि हिंदी ह्यांच्या मिश्रणात हे शास्त्र एकाकडून दुसऱ्याकडे जाई. त्यात उपयुक्त ज्ञान होते, तशा दंतकथाही होत्या. चीट कोड वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घेतले जात. एका वहीतून दुसऱ्या वहीत जाताना त्यांत नकलनविसाच्या चुका होत, आणि काही कोड चालेनासे होत. पाठभेदांचा प्रश्न एम.ए.च्या वर्गात समजावून देताना आम्ही ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांची उदाहरणे देतो. विद्यार्थ्यांच्या डोळ्यांत काही उमटत नसेल तर हे दुसरे उदाहरण देतो, आणि ते ताबडतोब कळते.

दंतकथांपैकी सर्वांत प्रसिद्ध गांधींची आहे. 'सिव्हिलायझेशन'मध्ये भारतीयांचे नेते महात्मा गांधी असतात. आकडेमोडीतील एका चुकीमुळे हे गांधी लोकशाही आल्यावर एकाएकी अण्वस्त्रे टाकू लागत, अशी कथा २०१० च्या दशकात जगभर पसरली. सिड मायर ह्यांनी २०२० मध्ये आपल्या आत्मकथनात तशी चूक मूळ खेळात नव्हतीच असे स्पष्ट केले. कथा अजून चालूच आहे. लोककथेला लेखकाचे म्हणणे बाधत नाही, हे आपल्याला नवे नाही.

तेव्हा मौखिक परंपरेने खेळ तारला, हे मान्य. गेले ते भाष्य. आणि भाष्य गेल्याने यंत्रातले सूत्र निसर्गनियमासारखे दिसू लागले. 'सिमसिटी'चेच घ्या. त्यात जमिनीचे तीन रंग: राहण्याची, व्यापाराची, कारखान्यांची. हे तुकडे वेगळे ठेवले तर शहर सुखी, असा खेळाचा कल. त्यामागे विसाव्या शतकातील अमेरिकन नगररचनेचे विशिष्ट गृहीत आहे. राइट ह्यांच्यावर जे फॉरेस्टर ह्यांच्या १९६९ च्या 'अर्बन डायनॅमिक्स' ह्या पुस्तकाचा प्रभाव होता. मॅन्युअलातला इतिहासनिबंध वाचलेल्या मुलाला निदान इतके समजण्याची शक्यता होती की शहरे वेगवेगळ्या काळी वेगवेगळ्या कल्पनांनी रचली गेली आणि ही त्यांतली एक आहे. ज्याच्या हाती नुसती सीडी होती त्याला शहर असेच असते असे वाटले.

आता तो मुलगा चारकोपमध्ये राहतो असे समजा. चारकोपची वसाहत १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने 'साइट्स अँड सर्व्हिसेस' योजनेखाली आखली गेली. सरकारने आखलेले भूखंड, पाणी, गटारे आणि रस्ते द्यावेत, घर लोकांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे बांधावे आणि वाढवावे, असे तिचे सूत्र. क्रमांक घातलेले सेक्टर नकाशावर पाहिले तर 'सिमसिटी'च्या पडद्यासारखेच वाटतात. प्रत्यक्षात खाली दुकान, वर बिऱ्हाड, मागच्या खोलीत शिवणयंत्रे. खेळाच्या नियमाने हे अपयशी शहर ठरेल. तिथे ते चालते, वाढते, आणि त्यातल्या घरांचे भाव आमच्यासारख्या प्राध्यापकांच्या आवाक्याबाहेर गेले आहेत. नगररचनेवरचा तो निबंध मराठीत, चारकोपच्या उदाहरणासह, त्या खोक्यात असता तर? ही कल्पना आम्हांस अजून सोडवत नाही. (जाता जाता: 'सिव्हिलायझेशन' इ. स. पू. ४००० मध्ये सुरू होते. टॉड ह्या नौदलाच्या अधिकाऱ्याने १९३० च्या दशकात कांदिवलीत शोधलेली पाषाणयुगीन हत्यारे त्याच्या कितीतरी आधीची आहेत. आमच्या गावाचा डाव खेळ सुरू होण्याआधीच बराच पुढे गेलेला होता.)

मराठीत असे पुस्तक निघाले नाही, ह्याचे व्यापारी कारण उघड आहे. जो माल बहुतांशी विकत घेतलाच जात नव्हता, त्याचे भाषांतर कोण करणार? शिवाय संगणक असलेल्या घरात इंग्रजी येतच असणार, असे गृहीत धरले गेले. पण मराठीला असे लिहिण्याची सवयच नव्हती, असे जर कोणी म्हणेल तर ते आम्ही मान्य करणार नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा ह्याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' ग्रंथाची पाचवी विंशती क्रीडांना वाहिलेली आहे आणि तीत बुद्धिबळाचे सविस्तर वर्णन आहे. ग्रंथ संस्कृत असला तरी ह्याच 'मानसोल्लासा'त मराठीतील अगदी जुन्या पद्यपंक्ती सापडतात. औरंगाबादच्या पंडित हरिकृष्णांनी १८७१ मध्ये 'क्रीडाकौशल्य' रचले, तेही संस्कृतात. मराठीत बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मुजुमदार ह्यांनी 'व्यायाम ज्ञानकोशा'चे दहा खंड काढले.

आणि डावपेचांचे खरे मराठी मॅन्युअल पाहायचे तर ते खेळाचे नाहीच. रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र' हे अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातले. किल्ला बांधण्याआधी जागेवर पाणी आहे की नाही ते पाहावे, आरमाराला लाकूड हवे म्हणून रयतेची आंब्या-फणसाची झाडे बळाने तोडू नयेत, सावकारास सांभाळावे, टोपीकरांना किनाऱ्यावर पाय रोवू देऊ नये. साधने कोणती, ती कशी जोडावीत, लोभ कोठे आवरावा, हेच तर शेली ह्यांच्या पुस्तकाचेही विषय आहेत. भेद आहे तो क्रियापदाचा. इंग्रजी मॅन्युअल वाचकाला 'तुम्ही' म्हणते आणि त्याला राजा करते. 'आज्ञापत्रा'चे गद्य विध्यर्थावर चालते: करावे, ठेवावे, पाहावे. कर्ता बहुधा अनुक्तच असतो, कारण ते जो कोणी त्या पदावर असेल त्याच्यासाठी आहे. हाच विध्यर्थ पुढे कमलाबाई ओगले ह्यांच्या 'रुचिरा'त (१९७०) येतो आणि लाखो घरांतल्या स्वयंपाकघरांत नांदतो. कृती सांगणाऱ्या मराठी गद्याचा इतिहास लिहायचा झाला तर अमात्यांपासून ओगल्यांपर्यंत एक सलग धागा दाखवता येईल. त्यात संगणक-खेळाच्या पुस्तकाची जागा रिकामी आहे.

ती आता भरून येण्याची शक्यता नाही. २००९ मध्ये 'एम्पायर: टोटल वॉर' ह्या खेळात मराठा राज्यमंडळ खेळता येण्याजोगे झाले, आणि पुण्या-मुंबईच्या मुलांनी पानिपताचा निकाल पडद्यावर अनेकदा फिरवला. परंतु तोवर कागदी पुस्तकाचा काळ सरत आला होता. २०१० मध्ये युबीसॉफ्टने आपल्या एक्सबॉक्स आणि प्लेस्टेशनवरील खेळांबरोबर छापील मॅन्युअल देणे थांबवत असल्याचे जाहीर केले. खेळच खेळणाऱ्याला बोट धरून शिकवू लागला. 'सिव्हिलायझेशन'ने तर १९९१ मध्येच खेळाच्या आत एक ज्ञानकोश ठेवला होता. आज जुन्या मॅन्युअलांच्या स्कॅन केलेल्या प्रती संगणकावर सापडतात. त्यामुळे जी पुस्तके १९९८ मध्ये कांदिवलीत कोणाला दिसली नाहीत, ती आता, खेळ विसरले गेल्यावर, कोणालाही वाचता येतात.

आम्ही ती अनुवादाच्या तासाला वापरतो. 'सिव्हिलायझेशन'मधील नगर वसवण्याविषयीचे एक पान देतो आणि विद्यार्थ्यांना ते मराठीत आणायला सांगतो. पहिली अडचण 'टर्न' ह्या शब्दापाशी येते. 'पाळी' म्हटले की वर्गात खसखस पिकते, 'डाव' म्हटले तर 'डाव संपवा' म्हणजे सगळा खेळच आटोपतो, 'खेळी' म्हणजे एकच चाल. लहानपणी ज्यांनी गावी पत्ते खेळले आहेत ती मुले 'उतारी' सुचवतात, पण ती फक्त पहिल्याची. दुसरी अडचण 'सेटलर'ची. 'वसाहतकार' शब्दाला साम्राज्यवादाचा वास येतो. 'स्थलांतरित' म्हणजे स्वतःहून न आलेला वाटतो. कोणी 'कुणबी' म्हणते, तर दुसरा जातीवरून हरकत घेतो. मागच्या वर्षी एका मुलीने गावाच्या पांढरी-काळीवरून 'पांढरी घालणारा' असे लिहून आणले. शब्द लांब आहे, पडद्यावरच्या बटनात मावणार नाही. तिला आम्ही पूर्ण गुण दिले. 'टर्न'साठी मात्र अजून एकमत झालेले नाही. सध्या 'बारी' आघाडीवर आहे.