सौंदड-साकोलीचा खडक आणि झाडीपट्टीचे तलाव

१/ महाराष्ट्राचा खडक म्हटला की काळा बेसाल्ट आठवतो. गोंदिया जिल्ह्यातील सौंदडहून साकोलीकडे जाताना मात्र खडकाची जात पालटते. दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. इथला खडक शंभर कोटी वर्षांहूनही जुना आहे.

२/ भूवैज्ञानिक त्याला ‘साकोली समूह’ म्हणतात. नाव शेजारच्या भंडारा जिल्ह्यातील साकोलीचे. पट्टा मात्र भंडारा-गोंदियापासून गडचिरोलीपर्यंत पसरलेला.

३/ मुळात हा गाळ होता. प्राचीन पाण्याच्या तळाशी चिखल आणि वाळूचे थर साचले; अधूनमधून ज्वालामुखींचा लाव्हाही त्यांत आला. पुढे भूकवचाच्या हालचालींत हे थर दाबले गेले, तापले, त्यांना घड्या पडल्या. चिखलाचे फायलाइट आणि शिस्ट झाले, वाळूचे क्वार्ट्झाइट.

४/ फायलाइट पापुद्र्यांचा, लवकर झिजणारा, क्वार्ट्झाइट चिवट. त्यामुळे कठीण थर टेकड्यांच्या रूपाने उरले आणि मऊ थरांच्या जागी सखल जमीन तयार झाली.

५/ इतिहासाचा संबंध इथे येतो. अशा खडकात पाणी सर्वत्र मुरत नाही. ते भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरातच सापडते. धानाला तर बांधीत उभे पाणी हवे. पाऊस भरपूर असला तरी त्याची साठवण जमिनीवरच करणे भाग होते.

६/ गोंड राजवटीच्या काळात कोहळी समाजाने हे काम हाती घेतले. दोन टेकड्यांमधील अरुंद जागा हेरायची आणि मातीच्या पाळीने ती अडवायची. नवेगावबांधचा विशाल तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचे परंपरा सांगते.

७/ १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली. तलाव शासनाकडे गेले आणि ‘माजी मालगुजारी’, म्हणजेच ‘मामा’ तलाव ठरले. पाळ आणि पाट सांभाळणारी गावची जुनी व्यवस्था सैल झाली. अनेक तलाव गाळाने उथळ झाले.

८/ विहीर खोल नेली म्हणून या खडकात पाणी लागेलच असे नाही. म्हणून तलावातील गाळ काढणे हा इथे केवळ वारसाजतनाचा विषय नाही; धानाच्या पुढच्या हंगामाचा प्रश्न आहे.

९/ मामा तलावाच्या पाळीवर गेलात तर तिची दोन्ही टोके कशाला टेकली आहेत ते अवश्य पाहा. बांधणाऱ्यांनी भूमी किती बारकाईने वाचली होती, ते तिथे कळते.