नाममुद्रा आणि मालकी

बाराव्या शतकातील कन्नड वचनांवर आज कोणाचीही मालकी नाही. बसवण्णा किंवा अक्कमहादेवी यांची वचने कोणीही गावीत, पडद्यावर आणावीत. परंतु म्हैसुरात पदरमोड करून लघुपट काढणाऱ्याने त्याच वचनांच्या चार ओळी ए. के. रामानुजन यांच्या इंग्रजी अनुवादातून घेतल्या, की प्रश्न बदलतो. रामानुजन म्हैसूरचेच, जन्म १९२९चा. त्यांचा 'स्पीकिंग ऑफ शिव' हा अनुवादसंग्रह १९७३ साली निघाला आणि १९९३ साली शिकागोत त्यांचे निधन झाले. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे हक्क राखणाऱ्या भारतीय कायद्याप्रमाणे हा अनुवाद २०५३ अखेरपर्यंत संरक्षित आहे. मूळ वचन सर्वांचे. अनुवाद मात्र अनुवादकाचा.

मराठीतही हेच घडते. तुकोबांचे अभंग मुक्त आहेत. दिलीप चित्रे यांचा 'सेज तुका' हा अनुवाद मुक्त नाही, कारण चित्रे २००९ साली गेले. प्रभातच्या १९३६ सालच्या 'संत तुकाराम' चित्रपटातील शांताराम आठवले यांची एक रचना तर अनेकांनी तुकोबांचाच अभंग मानली. लोकस्मृतीवर विसंबून 'हे संतवाङ्मय आहे' असे ठरवणे किती धोक्याचे, हे यावरून दिसावे.

आपल्या परंपरेत मालकी नव्हती, पण कर्तृत्वाची जाणीव होती. वचनाच्या शेवटी इष्टदेवतेचे अंकित येते, अभंगाच्या शेवटी कवीची नाममुद्रा. गाणाऱ्याने द्रव्य देऊ नये, परंतु नाव गाळू नये, असा तो अलिखित संकेत. १९१४ व १९५७ च्या कायद्यांनी त्याला मालकीची जोड दिली. रवींद्रनाथांच्या साहित्यावरील हक्क १९९१ अखेर संपत आला, तेव्हा पन्नास वर्षांची मुदत साठ करण्यात आली.

मग उद्धृत करूच नये काय? तसे नाही. १९५७ च्या कायद्याचे ५२वे कलम समीक्षा व परीक्षणासाठी उचित वापराची मुभा देते. किती शब्द चालतील याचा आकडा कायद्यात नाही. हेतू, प्रमाण आणि मूळ कृतीच्या बाजारावरील परिणाम पाहिला जातो. लघुपट त्या ओळींची चर्चा करीत असेल, तर त्याची बाजू बळकट. केवळ दृश्याला शोभा आणण्यासाठी त्या योजल्या असतील, तर दुबळी. श्रेयनामावलीत नाव दिल्याने परवानगीची उणीव भरून निघत नाही, आणि नफा नसणे ही एकटी सबब पुरत नाही.

परवानगी लेखीच हवी, आणि हक्क लेखकाच्या वारसांकडे आहेत की प्रकाशकाकडे, हे आधी शोधावे. करारात मुदत व प्रदेश नमूद नसेल, तर कायदा पाच वर्षे आणि भारत एवढेच गृहीत धरतो. परदेशी महोत्सवांत जाऊ पाहणाऱ्या लघुपटाला हे बंधन पुढे जाचते. ५७वे कलम याहून वेगळे: हक्क विकल्यानंतरही कर्तृत्व सांगण्याचा आणि विकृतीला हरकत घेण्याचा अधिकार लेखकाकडे राहतो. जुन्या नाममुद्रेचेच हे कायदेशीर रूप होय.

कायद्याच्या धास्तीने तरुण दिग्दर्शक साहित्यच टाळू लागले, तर हानी दोन्ही कलांची होईल. परवानगी न मिळाल्यास आणखी एक वाट उरते: मूळ कन्नड वचनाकडे जावे आणि नवा अनुवाद करवून घ्यावा. त्यातून लघुपटाला निर्वेध ओळी मिळतील, आणि भाषेला आणखी एक अनुवादक.