वाइसम्यूलर, जॉनी
वाइसम्यूलर, जॉनी (२ जून १९०४–२० जानेवारी १९८४) : अमेरिकन जलतरणपटू, पाच ऑलिंपिक सुवर्णपदकांचा मानकरी व चित्रपट अभिनेता.

जन्म तत्कालीन ऑस्ट्रिया-हंगेरीतील फ्राइडॉर्फ (सध्या रूमानियातील तिमिश्वारा शहराचा भाग) येथे. १९०५ मध्ये कुटुंब अमेरिकेत स्थलांतरित झाले. ऑलिंपिक प्रवेशासाठी मात्र त्याने पेनसिल्व्हेनियात जन्मलेल्या धाकट्या भावाची जन्मनोंद स्वतःची म्हणून दाखविली. शिकागोच्या इलिनॉय अ‍ॅथलेटिक क्लबमध्ये विल्यम बॅकरॅक यांनी त्याला प्रशिक्षण दिले.

९ जुलै १९२२ रोजी त्याने १०० मी. मुक्तशैलीचे अंतर ५८.६ सेकंदांत कापले. एका मिनिटाच्या आत हे अंतर पोहणारा तो पहिला जलतरणपटू होय. डोके व छाती पाण्याबाहेर उंच ठेवणे आणि पायांचा अखंड जलद मारा, ही त्याच्या शैलीची वैशिष्ट्ये (पहा : पोहणे). पॅरिस ऑलिंपिकमध्ये (१९२४) त्याने १०० मी., ४०० मी. व ४ × २०० मी. रिले या शर्यती जिंकल्या. पैकी १०० मीटरमध्ये यापूर्वीचा विजेता ड्यूक काहानामोकू दुसरा आला. त्याच स्पर्धेत वाइसम्यूलरला जलपोलोचे कांस्यपदकही मिळाले (पहा : वॉटर पोलो). अ‍ॅम्स्टरडॅमला (१९२८) १०० मी. व रिले यांतील सुवर्णपदके त्याने राखली (पहा : ऑलिंपिक क्रीडासामने).

त्याची पुढील कीर्ती मुख्यतः पडद्यावरची. 'टारझन द एप मॅन' (१९३२) पासून १९४८ पर्यंत त्याने १२ चित्रपटांत टारझनची भूमिका केली. जलतरणातील विक्रम माहीत नसलेल्यांनाही तो परिचित आहे तो यामुळेच. फोर्ट लॉडरडेल येथील आंतरराष्ट्रीय जलतरण सन्मान-दालनात त्याचा १९६५ मध्ये समावेश झाला. मेक्सिकोतील आकापुल्को येथे त्याचे निधन झाले.