यष्टींमागचे मौन : नरेन ताम्हाणे

क्रिकेटच्या इतिहासात यष्टिरक्षकाचे नाव बहुधा झेल सुटल्यावरच घेतले जाते. चोख यष्टिरक्षण वर्णनात उतरत नाही. नरेन ताम्हाणे (१९३१–२००२) यांच्याविषयी मराठीत फारसे लिहिले गेले नाही, त्याचे एक कारण हेच असावे.

ताम्हाणे मुंबईचे. जानेवारी १९५५ मध्ये ढाक्याला ते पहिली कसोटी खेळले. पाकिस्तानविरुद्धच्या त्या मालिकेतील पाचही सामने अनिर्णित राहिले. रटाळपणासाठीच ती मालिका लक्षात राहिली. पण तिच्यात सुभाष गुप्ते यांनी २१ बळी घेतले आणि ताम्हाणे यांनी यष्टींमागे १९. या दोन आकड्यांचे नाते समजून घेतले पाहिजे. बेसबॉलमधला कॅचर बोटांच्या खुणांनी चेंडू मागवतो. काय येणार याची त्याला आधीच कल्पना असते. गुप्ते यांच्यापाशी तर दोन प्रकारचे गुगली होते. फलंदाज फसला म्हणजे बळी मिळालाच असे नव्हे. त्याच क्षणी यष्टिरक्षक फसता कामा नये. गोलंदाजाच्या मनगटाचे हे वाचन ही माझ्या मते स्वतंत्र विद्या आहे.

२१ कसोटींत ताम्हाणे यांचे ५१ बळी. पैकी १६ यष्टिचीत, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश. महेंद्रसिंग धोनीच्या २९४ बळींत यष्टिचीत ३८. (तुलना पुरती न्याय्य नाही, धोनीच्या काळात वेगवान माराही बराच होता.)

फलंदाजीत मात्र ताम्हाणे यांची सरासरी जेमतेम दहाची. डिसेंबर १९५९ मध्ये कानपूरला भारताने ऑस्ट्रेलियाला प्रथमच हरवले. जसू पटेल यांच्या १४ बळींमुळे गाजलेल्या त्या सामन्यात यष्टींमागे ताम्हाणे होते. पुढच्याच, मुंबईच्या कसोटीत त्यांच्या जागी बुधी कुंदरन आले. मद्रासला कुंदरन यांनी सलामीला येऊन ७१ धावा केल्या. १९६४ मध्ये तिथेच १९२. दरम्यान फारुख इंजिनियरही आले होते. ताम्हाणे १९६०-६१ च्या हंगामात पुन्हा संघात आले खरे, पण तो त्यांचा शेवटचा कसोटी हंगाम ठरला. यष्टिरक्षकाने धावाही केल्या पाहिजेत, ही अपेक्षा तेव्हापासून आपल्याकडे रुजत गेली.

पुढे ते निवड समितीवर आले. १९८९ मध्ये सोळा वर्षांच्या सचिन तेंडुलकरला पाकिस्तान दौऱ्यावर पाठवणाऱ्या समितीत ते होते. त्या संघाचा यष्टिरक्षक किरण मोरे. कराचीच्या पहिल्या कसोटीत मोरेने नाबाद ५८ धावा केल्या.