कॉकाटील : वारंवार अंडी घालणे

पाळीव कॉकाटील मादीने एका विणीत नेहमीपेक्षा जास्त अंडी घालणे, किंवा मधे पुरेशी विश्रांती न घेता एकामागून एक विणी चालू ठेवणे. नर सोबत असो वा नसो, ही अवस्था उद्भवू शकते. अंडी घालणे हा मुळात आजार नव्हे. पण ते थांबेनासे झाले की मादीच्या हाडांतील कॅल्शियम आणि अंगातील प्रथिने झिजत जातात आणि अंडे अडण्यासारखा जीवघेणा प्रसंग ओढवतो. ‘वीण करायला हे दिवस चांगले आहेत’ असे मादीला सांगणारे घरातील संकेत ओळखून कमी करणे, हा व्यवस्थापनाचा गाभा आहे.

पक्षी व त्याची नैसर्गिक वीण : कॉकाटील हा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातील पक्षी. काकाकुवांच्या कुलातील तो सर्वांत लहान सदस्य असून डोक्यावरचा उभा-आडवा होणारा तुरा ही त्या नात्याची खूण आहे. त्याचे शास्त्रीय नाव निंफिकस हॉलंडिकस. लांबी सु. ३०–३३ सेंमी. आणि वजन सु. ८०–११० ग्रॅ. असते. भारतातील पक्षीबाजारात तो ‘कॉकटेल’ या नावाने विकला जातो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मुळे देशी पोपट पाळण्यास मनाई असल्याने परदेशी कुळाचे जे पक्षी घरोघरी दिसू लागले, त्यांत बजरीगार व लव्हबर्डबरोबर याचाही वाटा मोठा आहे.

रानात याच्या विणीला पक्का महिना नसतो. पाऊस पडून गवताला बी धरले की थवे पाण्याजवळच्या निलगिरीच्या ढोलीत घरटी करतात. मादी एक दिवसाआड एक अशी साधारण ४ ते ७ अंडी घालते. ती सु. तीन आठवडे उबवली जातात. दिवसा बहुधा नर आणि रात्री मादी अंड्यांवर बसते. पिल्ले चार-पाच आठवड्यांत घरट्याबाहेर पडतात. दुष्काळ पडला, तर वीणच होत नाही. चांगले दिवस येताच झटपट वीण आणि ते सरताच थांबणे, असा या पक्ष्याचा स्वभाव घडला आहे. घरात हे चांगले दिवस सरतच नाहीत, आणि प्रश्नाचे मूळ तेथे आहे.

अंडे कसे घडते : मादीत फक्त डाव्या बाजूचे अंडाशय व अंडवाहिनी कार्यक्षम असतात. दिवस लांबला, खाणे मुबलक मिळाले, घरट्याची जागा व जोडीदार दिसला की मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग पोष ग्रंथीला चालना देतो. तिच्या संप्रेरकांमुळे अंडाशयातून इस्ट्रोजेन स्रवते. इस्ट्रोजेनमुळे यकृतात बलकाचे घटक तयार होतात आणि लांब हाडांच्या पोकळीत कॅल्शियमचा तात्पुरता साठा रचला जातो. पुढे कवच घडताना हाच साठा वापरला जातो. अंडवाहिनीतील सर्वाधिक वेळ कवच तयार होण्यात जातो.

या सगळ्यासाठी नराशी मीलन आवश्यक नसते. नराविना घातलेली अंडी अफलित असतात व कधीच उबत नाहीत. बाजारात मिळणारी कोंबडीची अंडी बहुतेक अशीच असतात. म्हणून एकटी ठेवलेली मादी अंडी घालणार नाही हा समज चुकीचा आहे. लहान वयात नर-मादी ओळखणे अवघड असल्याने नर समजून आणलेल्या पक्ष्याने वर्षभराने अंडे घातल्याचे प्रसंगही घडतात.

घरातील संकेत : मुंबईत डिसेंबरचा दिवस सु. ११ तासांचा, तर जूनचा सव्वातेरा तासांचा असतो. पण दिवाणखान्यातला दिवा आणि दूरदर्शन संच रात्री अकरापर्यंत चालू राहिला, तर पिंजऱ्यातील पक्ष्याला बारा महिने १६–१७ तासांचा दिवस मिळतो. हा सर्वांत प्रबळ संकेत होय. त्याच्या जोडीला पुढील गोष्टी येतात : भरलेली दाण्याची वाटी; सूर्यफुलाच्या बियांसारखे स्निग्ध खाणे; कोमट, मऊ भात किंवा खिचडी; लाकडी पेटी, मडके, कपाटाखालची फट, सोफ्यामागचा कोपरा अशा ढोलीसारख्या अंधाऱ्या जागा; चोचीने फाडायला मिळालेला कागद; आरसा; आणि जोडीदार समजला गेलेला माणूस. पाठीवरून, शेपटीच्या बुडाशी किंवा पंखांखाली हात फिरवणे हे पक्ष्याच्या दृष्टीने जोडीदाराचे वर्तन असते. शेपूट उचलून, अंग खाली दाबून हळू आवाजात ‘चिक् चिक्’ करणारी मादी प्रेमळ झाली आहे असे मालकाला वाटते. प्रत्यक्षात ती मीलनाचे आवाहन करत असते.

परिणाम : कॉकाटीलचे अंडे सु. ५–६ ग्रॅ. भरते. ९० ग्रॅमच्या मादीने पाच अंडी घातली, तर दहा दिवसांत तिने आपल्या वजनाच्या चौथ्या हिश्शाहून अधिक भार शरीराबाहेर टाकलेला असतो. केवळ दाण्यावर वाढलेल्या पक्ष्यात आधीच कॅल्शियम व अ जीवनसत्त्व अपुरे असते, कारण बाजरी, राळे व सूर्यफूल या बियांत फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम फार कमी असते. त्यामुळे पातळ किंवा कवचाविना अंडी, हाडे ठिसूळ होऊन मोडणे, पायांत बळ न राहणे हे त्रास होतात. कॅल्शियम घटल्याने अंडवाहिनीच्या स्नायूंचे आकुंचन मंदावते आणि अंडे अडते. बलक वाट चुकून उदरपोकळीत पडल्यास तेथे दाह होतो. वारंवार जोर केल्याने अंडवाहिनी अवस्करातून बाहेर येणे, अंडाशयात गाठी होणे, यकृतात चरबी साठणे हेही धोके आहेत.

अंड्यांचे काय करावे : घातलेले अंडे लगेच उचलून टाकणे ही सर्वांत सार्वत्रिक चूक आहे. घरट्यातील अंडी कमी झाली की कॉकाटील मादी ती संख्या भरून काढण्यासाठी आणखी अंडी घालत राहते. म्हणून अंडी तिच्याजवळच राहू द्यावीत. नर सोबत असेल आणि पिल्ले नको असतील, तर ताजी अंडी उकळून, पूर्ण गार करून परत ठेवावीत किंवा त्या आकाराची प्लॅस्टिकची नकली अंडी ठेवावीत. मादी खुडूक कोंबडीसारखी त्यांवर बसून राहते आणि सु. तीन आठवड्यांनी कंटाळून उठते. तिने स्वतः पाठ फिरवली की मगच अंडी काढावीत. फुटलेले अंडे मात्र ताबडतोब काढावे. त्यातून जंतू वाढतात. वीण सुरू होण्याआधी पेटी किंवा मडके देऊ नये. पण मादी अंड्यांवर बसलेली असताना ते काढून घेतल्यास ती दुसरीकडे नव्याने सुरुवात करण्याचा संभव असतो.

उजेड : वीण संपताच दोन ते तीन आठवडे दिवस आखूड करावा. साधारण १२ ते १४ तास अखंड अंधार व शांतता मिळाली पाहिजे. संध्याकाळी सातला पिंजरा बैठकीच्या खोलीतून हलवून निवांत खोलीत ठेवणे, हे पिंजऱ्यावर चादर टाकण्यापेक्षा परिणामकारक ठरते. चादरीतून आवाज आणि उजेड दोन्ही आत येतात. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात जाड आच्छादनाने पक्षी उकाड्याने बेजार होतो, हेही ध्यानात ठेवावे. कॉकाटील काळोखात दचकून पिंजऱ्यात फडफडण्याबद्दल प्रसिद्ध आहे. तसे होत असल्यास अगदी मंद, दूरवरचा दिवा ठेवावा.

जागा, स्पर्श व सोबत : पिंजऱ्याची जागा आणि आतील दांड्या व खेळण्यांची मांडणी बदलल्याने मादीची ‘आपली घरट्याची जागा’ ही भावना मोडते. आरसा व कागदाचा चुरा काढावा. मोकळे सोडल्यावर कपाटाखाली, पलंगाखाली शिरू देऊ नये. हात फक्त डोके व मान यांपुरता फिरवावा. ती मीलनाच्या पवित्र्यात आली की रागावू नये. शांतपणे दांडीवर ठेवून लक्ष दुसरीकडे वळवावे. नर सोबत असेल तर काही काळ वेगळ्या पिंजऱ्यात, पण एकमेकांचा आवाज ऐकू येईल असा ठेवावा. कॉकाटील थव्याने राहणारा पक्षी असल्याने त्याला पूर्ण एकटे पाडणे हा उपाय ठरत नाही.

आहार : येथे दोन उद्दिष्टे एकाच वेळी साधायची असतात : मुबलकतेचा संकेत कमी करणे आणि झालेली झीज भरून काढणे. सूर्यफुलाच्या बिया व मऊ, कोमट पदार्थ बंद करावेत. दाणे दिवसभर वाटीत न ठेवता मोजून दोन वेळा द्यावेत, थोडे पाल्यात दडवून ते शोधायला लावावेत. शेवग्याचा पाला, मेथी, कोथिंबीर, गाजर, नाचणी ही आपल्याकडे सहज मिळणारी चांगली पूरके आहेत. पालकातील ऑक्झॅलेट कॅल्शियमचे शोषण अडवते. त्यामुळे कॅल्शियमसाठी त्यावर विसंबू नये. अव्होकाडो पक्ष्यांना विषारी आहे. पिंजऱ्यात समुद्रफेस, म्हणजे माकूळ या सागरी प्राण्याच्या अंगातील कवच, कायम टांगलेला असावा.

कॅल्शियम शोषले जाण्यासाठी ड३ जीवनसत्त्व लागते आणि ते कोवळ्या उन्हातील अतिनील किरणांमुळे तयार होते. खिडकीच्या काचेतून हे किरण येत नाहीत. म्हणून सकाळी थोडा वेळ, सावलीचा कोपरा व देखरेख ठेवून, पिंजरा बाहेर ठेवावा. ड३ ची औषधे मनाने देऊ नयेत. अतिरेकाने मूत्रपिंडांना इजा होते. दाण्यावरून गोळीखाद्यावर आणताना बदल सावकाश करावा. पक्षी नवे खाद्य न ओळखता उपाशी राहू शकतो, म्हणून ग्रॅम दाखवणाऱ्या वजनकाट्यावर रोज सकाळी वजन करावे. वजन एक-दशांशाने घटल्यास आहारबदल थांबवून पशुवैद्यकाला दाखवावे.

वैद्यकीय उपचार : वरील बदल करूनही विणी थांबल्या नाहीत, तर संप्रेरकांवर काम करणारी औषधे वापरली जातात. माणसांत पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगावर दिले जाणारे ल्युप्रोलाइड ॲसिटेट कॉकाटीलची अंडी थांबवू शकते व औषध उतरल्यावर मादी पूर्ववत होते, हे मिलाम व फिनी या संशोधकांनी १९९४ मध्ये दाखवले. पशुवैद्यक त्याची टोचणी ठरावीक अंतराने देतात. दुसरे औषध डेस्लोरेलिन. ते मूळचे कुत्र्यांसाठी बनवलेले असून तांदळाच्या दाण्याएवढी कांडी त्वचेखाली बसवली जाते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉकाटीलवरील चाचणीत ४.७ मिग्रॅ.ची कांडी बसवलेल्या माद्यांनी पहिले सहा महिने अंडी घातली नाहीत. नकली कांडी बसवलेल्या बहुतेक माद्यांनी सहा आठवड्यांच्या आत घातली. ही औषधे पोष ग्रंथीला आधी थोडी चालना देऊन मग शांत करतात, म्हणून सुरुवातीला एखादे अंडे येऊ शकते. परिणाम कायमचा नसतो.

अंडवाहिनी काढून टाकण्याची शस्त्रक्रिया हा शेवटचा पर्याय आहे. अंडाशय मोठ्या रक्तवाहिन्यांना चिकटलेले असल्याने ते बहुधा तसेच ठेवावे लागते आणि पुढे बलक उदरात पडण्याची शक्यता उरते. त्यामुळे एवढ्या लहान पक्ष्यावर ती केवळ सोय म्हणून केली जात नाही.

अंडे अडणे : मादी पिसे फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसणे, शेपूट श्वासागणिक वरखाली होणे, जोर करूनही अंडे न येणे, विष्ठा थांबणे, पाय लुळे पडणे ही याची लक्षणे होत. हा तातडीचा प्रसंग आहे. पक्ष्याला सु. ३० अंश सेल्सिअसच्या उबदार, दमट, शांत जागी ठेवून लगेच पशुवैद्यकाकडे न्यावे. पोट दाबू नये, तेल सोडू नये, अंडे ओढू नये. अंडे आत फुटल्यास अंडवाहिनी फाटते. दवाखान्यात क्ष-किरण तपासणी, कॅल्शियम व द्रव, गरजेनुसार आकुंचन वाढवणारी औषधे, आणि तरीही अंडे न आल्यास सुईने आतील द्रव काढून कवच आवळणे असे उपचार होतात.

नोंद ठेवणे : प्रत्येक अंड्याची तारीख, कवचाचा प्रकार, मादीचे वजन आणि दिवे मालवण्याची वेळ वहीत लिहिल्यास संकेत व वीण यांचा संबंध दोन-तीन विणींत स्पष्ट होतो. पशुवैद्यकालाही उपचार ठरवताना ही वही उपयोगी पडते. चांगल्या निगेत कॉकाटील १५ ते २० वर्षे जगतो आणि मादीची अंडी घालण्याची क्षमता त्यातील बरीच वर्षे टिकते. त्यामुळे एकदा थांबलेली अंडी, दिवे पुन्हा उशिरापर्यंत जळू लागले की परत सुरू होतात.