दोन वर्षांचं कॉलेज आणि चार वर्षांची पदवी

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांमध्ये मुलं बारावीला पोचली, की जेवणाच्या टेबलावर एक विषय हमखास निघतो. घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं काढून मग विद्यापीठात जायचं, की पहिल्या दिवसापासून चार वर्षांच्या विद्यापीठातच पाऊल ठेवायचं? पैशांचा हिशेब पहिल्या पर्यायाच्या बाजूनं लागतो. पण महाराष्ट्र मंडळात कुणी विचारलं तर काय सांगायचं, हा प्रश्न दुसऱ्या बाजूला ठाण मांडून बसतो.

कॅलिफोर्नियातल्या माझ्या भाचीच्या घरीही हा पेच पडला. ‘‘मामा, तुम्ही आयुष्यभर इतिहास शिकवलात, तुम्हीच सांगा,’’ असं ती फोनवर म्हणाली. इतिहासाच्या मास्तरानं प्रवेशाचा सल्ला देऊ नये. पण ही दोन दारं कुणी बांधली आणि कशासाठी बांधली, हे तो नक्की सांगू शकतो.

आधी एका शब्दाचा घोळ मिटवू. आपल्याकडे ज्युनिअर कॉलेज म्हणजे अकरावी-बारावी. अमेरिकेतलं ज्युनिअर कॉलेज बारावीनंतर सुरू होतं. पदवीच्या चार वर्षांपैकी पहिली दोन तिथं होतात. त्याचंच पुढं रूढ झालेलं नाव कम्युनिटी कॉलेज. आपल्याकडे डिप्लोमा करून इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. साधारण तशीच ही वाट.

आता शिकागोकडे वळू. १८९२ साली तिथलं विद्यापीठ सुरू झालं. पैसा तेलसम्राट रॉकफेलर यांचा आणि कल्पना पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांच्या. हार्पर हे हिब्रू भाषेचे पंडित. दहाव्या वर्षी आपल्या गावातल्याच कॉलेजात दाखल झाले, चौदाव्या वर्षी पदवीधर झाले. त्यांच्यासमोर जर्मन विद्यापीठांचा आदर्श होता. पदवीची पहिली दोन वर्षं म्हणजे खरं तर शाळेचाच वाढवलेला भाग, खरं विद्यापीठ त्यानंतर सुरू होतं, असं त्यांचं मत होतं. म्हणून त्यांनी अभ्यासक्रमाचे दोन तुकडे केले. खालचा ज्युनिअर, वरचा सीनिअर. खालचा तुकडा गावोगावच्या शाळांनी आणि लहान कॉलेजांनी उचलावा, वरचा विद्यापीठानं सांभाळावा. ज्यांना पुढं जायचं नाही त्यांना दोन वर्षांनी मानानं थांबता यावं, म्हणून १९०० पासून शिकागोत एक वेगळी छोटी पदवीही देऊ लागले.

हार्पर यांचे स्नेही जे. स्टॅन्ली ब्राऊन हे शिकागोजवळच्या जोलिएट गावातल्या हायस्कूलचे प्रमुख होते. जोलिएट म्हणजे दगडखाणींचं आणि पोलाद कारखान्यांचं गाव. १९०१ मध्ये ब्राऊन यांनी हायस्कूलच्याच इमारतीत पदवीच्या पहिल्या दोन वर्षांचे वर्ग सुरू केले. विद्यार्थी अवघे सहा! अमेरिकेतलं सर्वांत जुनं सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज म्हणून जोलिएटचं नाव घेतलं जातं, ते यामुळं.

गंमत पाहा. एकच कॉलेज, पण दोघांचे हेतू वेगळे. ब्राऊन यांना वाटत होतं, की आपल्या गावातल्या पोरांनी घर न सोडता उच्च शिक्षण घ्यावं. हार्पर यांना वाटत होतं, की विद्यापीठात फक्त निवडक विद्यार्थी यावेत आणि बाकीच्यांची सोय अन्यत्र व्हावी. एकाच्या दृष्टीनं ते कॉलेज म्हणजे पूल, दुसऱ्याच्या दृष्टीनं काही अंशी कुंपण. पुढच्या सव्वाशे वर्षांत हे दोन्ही हेतू या कॉलेजांत शेजारी शेजारी नांदत आले आहेत.

कॅलिफोर्नियात १९०७ साली कायदा झाला आणि हायस्कुलांना पदवीची पहिली दोन वर्षं शिकवण्याची मुभा मिळाली. त्याचा पहिला लाभ १९१० मध्ये फ्रेस्नो या शेतकरी भागातल्या गावानं घेतला. बर्कलीचं विद्यापीठ तिथून दीडशे मैलांहून लांब. द्राक्षबागांमध्ये राबणाऱ्या कुटुंबांना मुलं इतक्या दूर ठेवणं परवडण्यासारखं नव्हतं. इथं ब्राऊन यांचा हेतू सरस ठरला.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटलं. १९४४च्या कायद्यानं परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारनं उचलला आणि वर्ग ओसंडून वाहू लागले. १९४७ साली अध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगानं अहवाल दिला. देशातल्या निदान ४९ टक्के लोकांमध्ये चौदा वर्षांचं, म्हणजे बारावीनंतर आणखी दोन वर्षांचं शिक्षण पूर्ण करण्याची कुवत आहे, असं आयोगानं म्हटलं. ही दोन वर्षं सर्वांना मोफत मिळावीत, अशी शिफारस केली. ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव लोकांच्या तोंडी बसलं ते या अहवालामुळं.

मग आलं १९६० साल. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष क्लार्क केर यांच्या पुढाकारानं त्या राज्यानं उच्च शिक्षणाचा बृहद् आराखडा केला. गुणवत्तेनुसार वरचे साडेबारा टक्के विद्यार्थी कॅलिफोर्निया विद्यापीठात पात्र, वरचे एक तृतीयांश राज्य कॉलेजांत पात्र, आणि बाकी सर्वांना कम्युनिटी कॉलेज खुलं. तिथं चांगले गुण मिळवले, तर पुढं विद्यापीठात जाण्याची वाट मोकळी. ही योजना जगभर नावाजली गेली. पण त्यातली मेख लक्षात घ्या. त्याआधी विद्यापीठात साधारण १५ टक्के आणि राज्य कॉलेजांत निम्मे विद्यार्थी पात्र ठरत असत. म्हणजे मोठी दारं अरुंद झाली आणि छोटं दार सताड उघडलं.

त्याच वर्षी बर्टन क्लार्क या समाजशास्त्रज्ञाचा एक निबंध प्रसिद्ध झाला. सॅन होजेच्या दोन वर्षांच्या कॉलेजाचा त्यांनी अभ्यास केला होता. येताना बहुतेक मुलं म्हणत, ‘आम्ही विद्यापीठात जाणार.’ प्रत्यक्षात जाणारी फार थोडी. उरलेल्यांची समजूत हळूहळू घातली जाई. चाचण्या, समुपदेशन, ‘तुला हा दुसरा कोर्स बरा’ असा सल्ला. क्लार्क यांनी याला ‘थंड करणं’ म्हटलं. हा शब्दप्रयोग भामट्यांच्या जगातला. सावज लुटल्यावर टोळीतला एक जण मागं राहतो आणि त्यानं बोभाटा करू नये म्हणून त्याची समजूत काढतो! उपमा बोचरी आहे, पण तिच्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

आजचे आकडे काय सांगतात? कम्युनिटी कॉलेजात येणाऱ्या दर दहांपैकी सुमारे आठ जण पदवीचं स्वप्न घेऊन येतात. चार वर्षांच्या संस्थेत पोचतात साधारण एक तृतीयांश. सहा वर्षांत पदवी हाती पडते ती शंभरातल्या सुमारे सोळा जणांच्या. यातली बरीच मुलं नोकरी करत, अर्धवेळ शिकत असतात, हे खरं. पण दोष केवळ त्यांचा नाही. अमेरिकी सरकारच्या लेखापरीक्षण कार्यालयानं २०१७ मध्ये दाखवून दिलं, की कॉलेज बदलणाऱ्या विद्यार्थ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिट्स वाया जातात. केलेला अभ्यास नव्या ठिकाणी धरलाच जात नाही!

आता दुसरी बाजू. कॅलिफोर्नियातल्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजात २०१२ पासून एका युनिटला ४६ डॉलर फी आहे. वर्षाची तीस युनिट्स धरली तर १,३८० डॉलर. कॅलिफोर्निया विद्यापीठात हाच आकडा सुमारे १५ हजार. वर्ग लहान, शिक्षक संशोधनात गुंतलेले नाहीत, शिकवणं हेच त्यांचं काम. अभिनेते टॉम हँक्स हेवर्डच्या शॅबो कॉलेजात शिकले आणि आपल्या जडणघडणीचं श्रेय त्यांनी जाहीरपणे त्या कॉलेजाला दिलं. २०१० च्या कायद्यानुसार ठरावीक अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्याला राज्य विद्यापीठात जागेची हमी मिळते. कॅलिफोर्निया विद्यापीठाची सहा केंद्रंही अटींवर तशी हमी देतात. बर्कली आणि लॉस एंजलिस मात्र देत नाहीत.

म्हणजे पूल आहे, पण सगळीकडे सारखा भक्कम नाही. म्हणून मंडळात काय सांगायचं, यापेक्षा कॉलेजाला काय विचारायचं, याची चिंता पालकांनी करावी. मुलाला जो विषय घ्यायचा आहे त्यातले कोणते पेपर कोणतं विद्यापीठ धरणार, हे लेखी आहे का? गेल्या काही वर्षांत इथून किती मुलं पुढं गेली? वाट दाखवणारा सल्लागार पहिल्याच सत्रात भेटतो, की दोन वर्षांनी? आणि भारतातून थेट मूल पाठवणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, की ४६ डॉलरची फी त्यांच्यासाठी नाही. परदेशी विद्यार्थ्याला ती कितीतरी पट पडते आणि अशा बहुतेक कॉलेजांना वसतिगृहही नसतं.

भाचीला मी एवढंच सांगितलं. दोन वर्षांच्या कॉलेजात जाणं कमीपणाचं नाही आणि चार वर्षांच्या विद्यापीठात जाणं ही उधळपट्टी नाही. जोलिएटच्या त्या एका इमारतीत दोन माणसांचे दोन हेतू होते. आपलं मूल ब्राऊन यांच्या कॉलेजात चाललंय की हार्पर यांच्या, एवढं मात्र फी भरण्याआधी पाहून घ्यावं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)